काचेच्या महालातली झाडं, घणसोलीच्या परसात

लंडनमध्ये केळीला राहायला महाल बांधावा लागला. क्यू उद्यानातला हा ‘पाम हाउस’ १८४४ ते १८४८ या काळात उभा राहिला. लोखंडी कमानी, ११० मीटर लांबी आणि सुमारे सोळा हजार काचा! आत नारळ, कोको, पपई, केळी. तळघरात कोळशावर धगधगणारे बॉयलर. धुरानं देखावा बिघडू नये म्हणून तो जमिनीखालच्या बोगद्यातून नेऊन दूरच्या मनोऱ्यातून सोडत. घणसोली गावात केळीचे एवढे लाड करावे लागत नाहीत. मागल्या दारी मोरीचं पाणी मिळालं की ती घड धरते.

याच महालात सदाफुलीही मानानं राहते. आपल्याकडे ती तुळशीशेजारी, डालड्याच्या डब्यात, कुठंही उगवते. मूळची मादागास्करची. १९५०च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांना तिच्या पानांत विनब्लास्टिन हे औषधी द्रव्य सापडलं. पुढे याच झाडातून विनक्रिस्टिन मिळालं आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. पण घरच्या घरी तिची पानं चघळू नका, झाड विषारी आहे.

देवळाशेजारचा पांढरा खुरचाफा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, तर मे महिन्यात पेटणारा गुलमोहर सदाफुलीचा गाववाला, म्हणजे मादागास्करचाच. दोघांनाही इथे परकं म्हणायला कुणी धजणार नाही.

कुंडीतल्या झाडाचं वय किती असू शकतं? क्यूमधलं एक सायकड १७७५मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आलं आणि अजून कुंडीतच आहे. वजन एक टनाहून जास्त. त्याला शंकू आल्याची नोंद एकदाच, १८१९ची. तो पाहायला जोसेफ बँक्स हे थोर वनस्पतितज्ज्ञ स्वतः गेले होते.

अशी रोपं महिनोन्‌महिने जहाजावर जगायची कशी? खारं वारं, गोड्या पाण्याची टंचाई, त्यामुळे बहुतेक वाटेतच मरत. लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी बंद काचपेटीची युक्ती काढली. मातीतल्या पाण्याची वाफ व्हायची, काचेवर थेंब जमायचे आणि परत मातीत पडायचे. १८३३मध्ये धाडलेली नेच्यांची अशी पेटी सिडनीला सुखरूप पोहोचली आणि जगभरच्या झाडांची ये-जा सोपी झाली.

आता माझी लाडकी गोष्ट. १८२०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिच यांना ब्रह्मदेशातल्या एका मठाच्या बागेत एक झाड दिसलं. लाल-पिवळ्या फुलांचे लोंबते झुबके पाहून ते थक्क झाले. हे झाड आपल्या काचगृहात हवंच, म्हणून डेव्हनशरच्या ड्यूकनं १८३५मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला थेट भारताकडे धाडलं. १८३७मध्ये गिब्सन रोप घेऊन परतला. पण ड्यूककडचं झाड फुललंच नाही! इंग्लंडमध्ये पहिलं फूल उमललं ते १८४९मध्ये, ईलिंगच्या मिसेस लॉरेन्स यांच्या काचगृहात.

ते झाड म्हणजे आपली उर्वशी. ती बघायला इंग्लंडला जायची गरज नाही. घणसोलीहून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून भायखळा. स्टेशनच्या पूर्वेला राणीची बाग, म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. आफ्रिकेची गोरखचिंचही इथे उघड्या आभाळाखाली वाढते. मुलं प्राण्यांकडे धावतात आणि या झाडांकडे पाहायचं राहून जातं, याची मला फार हळहळ वाटते. थंडीच्या अखेरीस जा, उर्वशी फुललेली सापडण्याची शक्यता जास्त. बुधवारी बाग बंद असते.

काचेचं घर मात्र इथेही आहे, उलट कामाचं. २०१६मध्ये आलेले हंबोल्ट पेंग्विन काचेआड राहतात आणि त्यांच्यासाठी रात्रंदिवस यंत्रानं गारवा तयार करावा लागतो.