न्यूट्रॉन ताऱ्याचे माप सांगणारे क्ष-किरण

सूर्याहून अधिक वस्तुमान जेमतेम २५ किलोमीटर व्यासाच्या गोलात सामावलेले असते, तेव्हा आतील द्रव्य नेमक्या कोणत्या रूपात असते? न्यूट्रॉन ताऱ्यांविषयीचा हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. प्रयोगशाळेत असे द्रव्य साकारता येत नाही. ताऱ्याची त्रिज्या अचूक कळली, तर मात्र अनेक तर्क बाद करता येतात. त्रिज्येचा एक धागा ताऱ्याभोवतीच्या तप्त वायूच्या चकतीतून मिळतो.

ही चकती सोबतच्या ताऱ्यावर पोसली जाते. न्यूट्रॉन तारा सोबत्याकडून वायू ओढून घेतो. तो वायू थेट न कोसळता फेऱ्या घालत, तापत आत सरकतो. आतल्या कडेशी तापमान सुमारे एक कोटी अंशांवर जाते आणि वायू प्रामुख्याने क्ष-किरण उत्सर्जित करू लागतो. पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेत असल्याने निरीक्षणासाठी अवकाशातच जावे लागते. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी चंद्राकडून येणारे क्ष-किरण टिपण्यासाठी रॉकेट सोडले. हाती लागला तो वृश्चिक राशीतील प्रखर स्रोत, ‘स्कॉर्पियस एक्स-१’. तो न्यूट्रॉन तारा असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

चकतीतील लोहाचे अणू ६.४ ते ७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यात ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतात. सुदीप भट्टाचार्य आणि टॉड स्ट्रोमायर यांनी २००७ मध्ये युरोपच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ दुर्बिणीच्या नोंदींत ‘सर्पेन्स एक्स-१’ या ताऱ्याची लोहरेषा रुंदावलेली आणि कमी ऊर्जेकडे झुकलेली असल्याचे दाखवले. प्रकाशवेगाच्या सुमारे ४० टक्के वेगाने फिरणारा वायू आणि प्रचंड गुरुत्वाकर्षण यांचा हा एकत्रित ठसा होय. त्यावरून चकतीच्या आतल्या कडेचे अंतर काढता येते. तारा त्या कडेपेक्षा मोठा असू शकत नाही. मात्र चुंबकीय क्षेत्र चकतीला दूर रोखू शकते, म्हणून मिळते ती केवळ कमाल मर्यादा.

दुसरा मार्ग क्ष-किरणांच्या जलद चढउतारांचा आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरील ‘लॅक्सपीसी’ हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशाच निरीक्षणांसाठी घडवले गेले. काही ताऱ्यांत हे चढउतार सेकंदाला हजाराच्या आसपास होतात. त्यांचे कारण वादातीत नाही; परंतु ते आतल्या कडेशी फिरणाऱ्या वायूचे असतील, तर फेरी जितकी जलद तितकी कक्षा लहान, आणि तिच्या आत सामावणारा तारा त्याहूनही लहान.