नानीचं इन्सुलिन येतं कुठून?

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. अंबरनाथला आमच्या घरी सगळे जमले होते. नानीने फ्रिजमधली इन्सुलिनची बाटली पुढे केली आणि विचारलं, "खरं सांगा, हे डुकरापासून करतात ना? शेजारच्या आपा सांगत होत्या." दोन दिवस तिने इंजेक्शन घेतलंच नव्हतं, हे तेव्हा कळलं. साखर चढली होती. घरात बारावी सायन्सची पोरगी आहे, पण नीट उत्तर कुणालाच देता येईना. म्हणून आम्ही हा विषय मुळापासून समजून घेतला.

आपांचं बोलणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. १९२२ पासून सुमारे साठ वर्षं इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढलं जाई. चित्र पालटलं ते प्लाझ्मिडमुळे.

जिवाणूत मुख्य डीएनएखेरीज बांगडीसारखी डीएनएची छोटी कडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात खुणेवर कापड कापून तुकडा जोडतात, तसंच हे काम. एक एन्झाइम ठरावीक जागी कडी कापतं, तिथे हवं ते जनुक बसवतात आणि लायगेज नावाचं दुसरं एन्झाइम सांधा जोडतं. मग कडी जिवाणूंत सोडतात. ती थोड्यांच्याच आत शिरते. त्यांना ओळखायला कडीत अँटिबायोटिकला न जुमानणारं जनुकही ठेवलेलं असतं. औषध टाकलं की बाकीचे मरतात, कडीवाले उरतात. ई. कोलाय जिवाणू चांगलं खाद्य मिळालं तर सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो आणि त्याच्याबरोबर कडीही वाढते.

स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ मध्ये ही रीत दाखवली. १९७८ मध्ये तिच्यातून माणसाचं इन्सुलिन बनलं आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आपल्या एमआयडीसीत रिअ‍ॅक्टर चालतात, तशाच मोठ्या टाक्यांत हे जिवाणू किंवा यीस्ट वाढवतात. मुंबईच्या वोक्हार्टने २००३ मध्ये असंच इन्सुलिन बाजारात आणलं.

हीच कडी आरएनए बनवायलाही लागते. तिच्यात जनुकाआधी 'इथून नक्कल सुरू करा' अशी खूण ठेवतात. कडी एका जागी कापून सरळ केली की टी-७ नावाचं एन्झाइम काचेच्या भांड्यातच आरएनएच्या प्रती काढतं, जिवाणूची गरज उरत नाही. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. अशा लशीने आपला डीएनए बदलतो, ही भीती खोटी आहे. एमआरएनए पेशीच्या केंद्रकात जात नाही आणि काही दिवसांत विरून जातो.

नानीच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'ह्यूमन' आणि 'आर-डीएनए ओरिजिन' छापलेलं होतं. म्हणजे ते प्राण्याच्या स्वादुपिंडातून काढलेलं नव्हतं. तुमच्या बाटलीवर 'पोर्सिन' असेल तर ते डुकराचं, 'बोव्हाइन' असेल तर गुरांचं. तसं दिसलं तर डॉक्टरांना दुसरं मागा, पण मनाने इंजेक्शन बंद करू नका. मसल्याबद्दल शंका असेल तर आलिमांना विचारा. रोजे ठेवायचे का आणि डोस किती घ्यायचा, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

नानीने त्या रात्री जेवणाआधी इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून ती आपांकडे गेली, त्यांची बाटली वाचायला.