विषाणूंवरची औषधं : साठ वर्षांचा मागोवा

पेनिसिलिन १९४०च्या दशकात दवाखान्यांत पोहोचलं, पण विषाणूंपुढे डॉक्टर त्यानंतरही वर्षानुवर्षं हात चोळत बसले होते. जिवाणूला स्वतःची पेशीभिंत असते, तिच्यावर घाव घालता येतो. विषाणू मात्र आपल्याच पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्याला मारायला जावं तर पेशीच मरायची. १९६०च्या दशकात आलेलं आयडॉक्सयुरिडिन म्हणूनच डोळ्यांतल्या हर्पिसवरच्या थेंबांपुरतं उरलं.

खरं वळण आणलं असायक्लोव्हिरनं. ते १९७०च्या दशकात गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत घडलं. निरोगी पेशीत हे औषध जवळजवळ निपचित पडून असतं. हर्पिसच्या विषाणूकडचं थायमिडिन कायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडतं, तेव्हा कुठे ते कामाला लागतं. मग ते डीएनएच्या वाढत्या साखळीत घुसतं आणि पुढची कडी जोडायला जागाच ठेवत नाही. थोडक्यात, विषाणू आपल्याच हातानं आपला गळा आवळून घेतो. एलियन यांना १९८८च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. नागिणीवर हेच औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. आपल्याकडे ते तास बरेचदा गेरूचा लेप लावण्यात आणि ‘विळखा पूर्ण झाला का’ हे बघण्यात जातात.

एचआयव्हीवरचं एझेडटी १९८७मध्ये आलं. पण हा विषाणू सतत रूप बदलतो, एकट्या औषधाला तो लवकरच पुरून उरायचा. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं आणि मृत्यू झपाट्यानं घटले, पण ते श्रीमंत देशांत. वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. हे शक्य झालं, कारण १९७०च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नव्हती, ती फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होती. माझ्या मते या साठ वर्षांतली सर्वांत मोठी घटना प्रयोगशाळेतली नाही, ही किंमत आहे.

२००९मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची घबराट पसरली आणि टॅमिफ्लूचं नाव घरोघरी पोहोचलं. नवे विषाणू पेशीतून सुटून बाहेर पडतात, तिथेच हे औषध त्यांना अडवतं. त्यामुळे पहिल्या ४८ तासांत त्याचा जितका उपयोग, तितका नंतर नाही. हा धडा आपण २०२१मध्ये कोविडच्या लाटेत साफ विसरलो. रेमडेसिव्हिरच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक रांगा लावत होते, काळ्या बाजारात वाटेल तो भाव मोजत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत मृत्युदर घटल्याचं त्याआधीच दिसलं नव्हतं. शिवाय फुप्फुसं निकामी होईपर्यंत विषाणूचा जोर बहुधा ओसरलेला असतो. तेव्हा छळत असतो तो शरीराचाच दाह. माणसं हतबल होती, त्यांना काय दोष द्यायचा? सरसकट चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना मात्र द्यायलाच हवा.

साध्या सर्दीच्या विषाणूंवर आजही औषध नाही. हिपॅटायटिस सी मात्र बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. रक्तावाटे पसरणारा हा आजार वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतो. पूर्वी कधी रक्त चढवलं असेल, तर एकदा तपासणी करून घ्या.