पोट सुटलेला पिरॅमिड

शाळेच्या भूगोलात लोकसंख्येचा पिरॅमिड काढलेला आठवतो? खाली मुलांचा रुंद पाया, वर म्हाताऱ्यांचं निमुळतं टोक, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. आता आपल्या अमिरातीचा काढून पाहा. डावीकडे पंचविशी ते चाळिशीच्या पुरुषांचं भलंमोठं पोट सुटलेलं, खाली-वर बारीक!

१९७५ च्या शिरगणतीत इथे ५ लाख ५८ हजार माणसं होती, २००५ मध्ये ४१ लाख. त्यांत इथले नागरिक पाचांत एक. एवढी वाढ पाळण्यातून होत नाही, ती विमानातून उतरते. इथला मृत्युदर कमी, त्याचंही सगळं श्रेय इस्पितळांना देऊ नका. बहुतेक जण म्हातारपणाआधीच परत जातात.

पण पोट एकाच बाजूला का? बायको-मुलं आणायला पगाराची अट आहे: २०१९ पासून ४००० दिरहॅम, किंवा ३००० आणि राहायला जागा. साधा गवंडी, सुतार त्यात बसत नाही. तो सोनापूरच्या कॅम्पात राहतो. (मुंबईकराला हे नाव ऐकून स्मशानच आठवतं. असो.)

उरलेला पिरॅमिड गावी असतो. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त बायका होत्या. अर्थात सगळे पुरुष आखातात नाहीत, बरेचसे मुंबईतच.

आपण अटीत बसलो, म्हणून आपली मुलं इथे मोजली जातात. माझ्या साईटवरच्या खेडच्या फिटरची दोन्ही मुलं खेडला. परवा त्याला मंडळाचा फॉर्म दिला. त्यावर वर्गणीचा एकच रकाना आहे, 'कुटुंब'. त्याने फॉर्म घडी करून खिशात ठेवला.