नूडल्सचं पाकीट फोडल्यावर

आज बोलायचंय पोरांच्या लाडक्या नूडल्सविषयी. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे सगळ्यांना ‘मॅगी’च म्हणतात. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणते, ते विष घरात आणूच नये. दुसरी म्हणते, मी रानातून येते तेव्हा पोरं भुकेनं कावलेली असतात, तेव्हा दुसरं काय देऊ? मला दुसरीचं जास्त पटतं. फक्त पाकीट जसंच्या तसं ताटात वाढू नये.

आधी हे इतक्या लवकर शिजतं कसं, ते बघा. मैद्याच्या शेवया कारखान्यात वाफवतात आणि मग तळतात, बहुधा पामतेलात. तळताना आतलं पाणी उडून जातं आणि बारीक बारीक भोकं राहतात. त्यातून गरम पाणी आत शिरलं की शेवई लगेच मऊ होते. ही युक्ती जपानची, १९५८ सालची. त्यावर मेण लावलेलं असतं म्हणतात, ते खरं नाही. पाण्यावर तवंग दिसतो तो तळणाच्या तेलाचा.

म्हणजे मैदा आणि तेल. पोट भरतं, पण वाढत्या अंगाला लागणारं त्यात थोडंच. पाळी सुरू झालेल्या मुली जेवणाऐवजी रोज हेच खाऊ लागल्या, तर रक्त कुठून भरणार?

दुसरी गोष्ट मिठाची. पाकिटामागे ‘सोडियम’ लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आकडा बऱ्याचदा १०० ग्रॅमचा असतो, पाकीट त्याहून लहान, तेवढा हिशेब करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, लहानग्यांना त्याहून कमी. कोरड्या नूडल्सवर मसाला भुरभुरून पोरं कुरुमकुरुम खातात, तेव्हा हे सगळं मीठ थेट पोटात जातं.

म्हणून मसाला अर्धाच घाला. चव कमी पडेल असं वाटतं ना? कढईत चमचाभर तेलावर कांदा, लसूण, टोमॅटो परता. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, कोबी, जे घरात असेल ते बारीक चिरून टाका. पाला मूठभर घातला तरी शिजून एवढासा होतो, पोरांना कळतही नाही. मग पाकिटामागे दीड कप पाणी घाला, भाजी जास्त असेल तर थोडं वाढवा. उकळी आली की नूडल्स आणि अर्धा मसाला. शेवटी एक अंडं फोडून ढवळा आणि नीट शिजू द्या. त्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडं चालत नसेल तर शिजवलेली मटकी, नाहीतर दोन-तीन चमचे शेंगदाण्याचा कूट. कुटानं रस्सा असा दाट होतो की मसाला कमी आहे हे जिभेला जाणवत नाही. आमच्या गटात हाच प्रकार जास्त चालतो.

खाली उतरवल्यावर वरून लिंबू पिळा. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं. चहा मात्र सोबत नको, तो लोह अडवतो. तासाभरानं प्या. अशा रीतीनं दोन पाकिटांत चार वाट्या होतात. त्यातली एक तुमची.

उरलेला अर्धा मसाला घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. दुसऱ्या दिवशी उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया तेलावर तांबूस भाजून, याच भाज्या घालून शिजवा आणि तो मसाला त्यात टाका. भाजल्या नाहीत तर गोळा होतो. या तळलेल्या नसल्यानं शिजायला थोडा वेळ जास्त लागतो. मीठ वेगळं घालण्याआधी चव बघा, बहुतेक वेळा लागत नाही.