समुद्रपुष्पाची जागा

समुद्रपुष्प हे नाव काहीसे फसवे आहे. फूल जेथे उमलते तेथेच राहते. समुद्रपुष्प हा मात्र प्राणी आहे, आणि जागा मानवली नाही तर ती सोडून तो चालू लागतो. घरगुती जलजीवालय सांभाळणाऱ्याची अडचण येथेच सुरू होते. समोरच्या काचेतून शोभून दिसेल अशा खडकावर तो समुद्रपुष्प बसवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंपाच्या तोंडाशी सापडते.

योग्य परिस्थितीत हा प्राणी किती जगू शकतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. स्कॉटलंडमधील निसर्गशास्त्रज्ञ सर जॉन ग्रॅहॅम डॅल्येल यांनी १८२८ साली समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या बरणीत पाळले होते. डॅल्येल १८५१ साली वारले. ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, या नावाने ओळखले जाणारे ते समुद्रपुष्प मात्र १८८७ पर्यंत जगले. अर्थात ते थंड पाण्यातल्या जातीचे होते, आणि त्याला खाऊ घालणे व पाणी बदलणे एवढे पुरत होते. प्रवाळभित्तीवर राहणाऱ्या, विदूषक माशांना आसरा देणाऱ्या जातींचे तसे नाही. त्यांच्या शरीरात सूक्ष्म एकपेशीय शैवाले वस्ती करतात आणि उजेडात तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. त्यामुळे उजेड कमी पडला की पोट भरलेले असूनही हा प्राणी हळूहळू उपासमारीने खंगतो.

घरी बहुधा पाळली जाते ती ‘एंटॅक्मिया क्वाड्रिकलर’ ही जात. तिच्या स्पर्शकांची टोके पुष्कळदा बुडबुड्यांसारखी फुगलेली असतात. निसर्गात ती आपला पाय खडकाच्या कपारीत खोल रोवते व स्पर्शक तेवढे बाहेर पसरते. धोका जाणवताच सारे अंग आत ओढून घेते. म्हणजे तिला एकाच ठिकाणी दोन गोष्टी हव्या असतात: पायाला अंधारी खोबण आणि माथ्यावर भरपूर उजेड. सपाट, गुळगुळीत दगडावर ती टिकेल कशी? याउलट मन्नारच्या आखातात आढळणारे, गालिच्यासारखे पसरणारे ‘स्टायकोडॅक्टिला हॅडोनी’ वाळूत पाय पुरून राहते. त्याला खडकावर चढवणे हा त्याच्यावर केलेला जुलूमच म्हणावा लागेल.

तेव्हा प्राण्यासाठी जागा शोधण्यापूर्वी जागा तयार करावी. टाकी निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर स्थिरावलेली असावी. पाण्याची क्षारता हजारी सुमारे ३५ भाग आणि तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस असावे. पंपाच्या तोंडांवर जाळी किंवा स्पंज आधीच बसवावा, कारण पात्यांत सापडलेले समुद्रपुष्प स्वतः तर मरतेच, पण कुजून टाकीतल्या इतर जीवांचाही घात करते. प्रवाळांपासून वीतभर तरी अंतर ठेवावे. दंशकोशिकांचा स्पर्श शेजाऱ्यांना पोळतो.

सोडताना प्रवाह काही वेळ बंद करावा, पाय हलकेच कपारीशी टेकवावा आणि तो चिकटेपर्यंत वाट पाहावी. पुढे ते सरकू लागले तर ओढून परत आणण्याचा मोह आवरावा. पाय फाटल्यास ती जखम बहुधा जिवावर बेतते. प्रवाह जोराचा आहे की उजेड अपुरा, याचा शोध घेऊन तेवढाच बदल करावा. कित्येकदा हा प्राणी चार हात दूरवर, आपल्या मनात नसलेल्या कोपऱ्यात ठाण मांडतो. तेथे तो टवटवीत असेल तर त्याला हलवू नये, शेजारचे प्रवाळच उचलून दुसरीकडे ठेवावेत. मात्र तोंड सतत उघडे, अंग ढिले आणि पायाला पकड नाही अशी लक्षणे दिसत राहिली, तर त्याला विलंब न लावता वेगळ्या पाण्यात काढावे.