एका मोसमावर किती भरवसा ठेवायचा?

26 फेब्रुवारी 2025. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला. केरळनं नाणेफेक जिंकून विदर्भाला फलंदाजी दिली आणि बघता बघता फलकावर 3 बाद 24 लागले. त्या पडझडीत एक टोक धरून उभा राहिला एकवीस वर्षांचा दानिश मालेवार. समोर करुण नायर. दोघांनी 215 धावांची भागी केली. दानिश 153 करून बाद झाला, दुसऱ्या डावात त्यानं 73 काढल्या. पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भानं तिसऱ्यांदा करंडक उचलला आणि सामनावीर ठरला दानिश.

तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या पानटपरीपासून नागपूरच्या क्लबांपर्यंत एकच सवाल: ‘हे पोट्टं इंडियात जाईन का नाई?’ टेनिस बॉलच्या टूर्नामेंटला सीमारेषेवर बसून पोरांची पारख करणाऱ्या आपल्या भागात याचं उत्तर लगेच मिळतं. पण एका मोसमावरून खेळाडूचं भविष्य सांगायचं कसं, हा सवाल त्याहून अवघड आहे.

आधी आकडे. रणजीच्या त्या पहिल्याच मोसमात दानिशनं 783 धावा केल्या, सरासरी 52.20. म्हणजे तो 15 वेळा बाद झाला. पंधरा म्हणजे फार थोडे. त्यातून अंतिम सामन्याचे दोन डाव काढले, तर उरलेल्या तेरा बादांवर सरासरी 43च्या आत येते. तीही पहिल्या मोसमासाठी चांगलीच आहे; पण 52 वाचल्यावर जी छाती फुगते, ती 43 वाचून फुगत नाही. एवढ्या कमी डावांत दोन सुटलेले झेल किंवा पायचीतचा एक उदार निर्णय सगळी सरासरी हलवून जातो.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. तिथं एखादा तरुण फलंदाज एका वर्षात अचानक चमकला, की पारखी आधी बघतात की त्यानं मारलेले किती चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून निसटले. मैदानात मारलेल्या चेंडूंपैकी साधारण तीस टक्के असे सुटतात. कुणाचे एखाद्या वर्षी चाळीस टक्के सुटले, तर त्यात नशिबाचा वाटा मोठा, आणि पुढच्या वर्षी आकडा खाली येणार हे धरूनच चालतात. टिकणाऱ्या गोष्टी वेगळ्या: तो किती वेळा हुकतो, वाईट चेंडू किती वेळा सोडून देतो, फटक्याला किती जोर आहे. 2015 पासून त्यांच्या मोठ्या लीगच्या मैदानांवर प्रत्येक फटक्याचा वेग मोजला जातो. आपल्या रणजीत असं मोजमाप प्रेक्षकाच्या हाती येत नाही. त्यामुळे आपल्याला धावफलकच जरा खोदून वाचावा लागतो.

तसा वाचला तर दानिशच्या बाजूनं एक भक्कम गोष्ट दिसते. मोसम जसा अवघड होत गेला, तशा त्याच्या धावा आटल्या नाहीत. उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूविरुद्ध 75, उपांत्य फेरीत मुंबईविरुद्ध 79, अंतिम सामन्यात 153 आणि 73. साखळीत दुबळ्या संघांवर हात धुऊन बाद फेरीत गप्प झालेले फलंदाज आपण ढिगानं पाहिलेत. हा त्यातला नाही.

विरोधातल्या गोष्टीही त्याच फलकावर आहेत. हे तिन्ही बाद फेरीचे सामने नागपुरात झाले, लहानपणापासून ओळखीच्या हवेत. शिवाय आठ वेळा पन्नाशी ओलांडून शतकं दोनच. सत्तरीत पोचून परतणं ही सवय झाली, की निवड समिती नाव वाचून पान उलटते. ऑगस्ट 2025 मध्ये दुलीप करंडकाच्या पदार्पणातच त्यानं 203 धावा करून त्याला उत्तर दिलं खरं, पण समोर ईशान्य विभाग होता. मी त्या द्विशतकाला अर्धंच वजन देतो.

प्रतिस्पर्ध्याचं वजन म्हणजे काय, हे आपल्या यवतमाळ जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. नोव्हेंबर 2021 मध्ये ट्वेंटी-20 सामन्यात त्यानं चार षटकांत एकही धाव न देता दोन बळी घेतले. जगभर बातमी झाली. समोर मणिपूर होतं, अवघ्या तीन वर्षांपूर्वी रणजीत आलेला संघ. कर्णेवारचं कसब खोटं नव्हे. पण त्या आकड्यावरून कुणी त्याला भारतीय संघात बसवलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

विदर्भाला एका मोसमाचा अनुभव आधीचाही आहे. 2017-18 मध्ये रजनीश गुरबानीनं 39 बळी घेतले, अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, विदर्भाला पहिला करंडक मिळवून दिला. भारताची टोपी त्याला मिळाली नाही. पुढे तो महाराष्ट्राकडून खेळला. आणि अमोल मुझुमदार? 1994 मध्ये मुंबईकडून पदार्पणातच 260. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, कसोटी एकही नाही. त्याच्या गुणवत्तेत खोट नव्हती. मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण बसलेले होते. भविष्य वर्तवताना जागा रिकामी आहे का, हेही विचारावं लागतं.

सगळ्यात बोलका दाखला मात्र त्या 215च्या भागीत दानिशच्या समोरच उभा होता. करुण नायरनं डिसेंबर 2016 मध्ये आपल्या तिसऱ्याच कसोटीत इंग्लंडविरुद्ध नाबाद 303 केल्या. पुढचे चार कसोटी डाव: 26, 0, 23, 5. मग आठ वर्षं बाहेर. तो परतला तो विदर्भाच्या त्याच 2024-25च्या मोसमात रणजीत 863 धावा करून, आणि 2025च्या इंग्लंड दौऱ्यात चार कसोटींत 205 धावांवर थांबला. तो खेळाडू म्हणून एका डावाइतका महान नव्हता आणि पुढच्या चार डावांइतका कच्चाही नव्हता.

एक गंमत बघा. त्याच रणजीत सर्वाधिक 960 धावा विदर्भाच्याच यश राठोडच्या होत्या. दुलीपच्या अंतिम सामन्यात त्यानं 194 केल्या. तरी चर्चा दानिशची जास्त. कारण वय. यश त्याच्याहून तीनेक वर्षांनी मोठा आहे, आणि एकविसाव्या वर्षी केलेल्या धावांत वाढायला जागा जास्त असते. हा तर्क चुकीचा नाही, पण त्यात यशवर थोडा अन्याय होतो. आज कसोटीसाठी दोघांतला एक निवडायचा झाला, तर मी यशचं नाव आधी घेईन.

दानिशबद्दल माझा निवाडा असा: रणजीतला वरच्या फळीतला भरवशाचा फलंदाज तो झालेला आहे. कसोटीचा फलंदाज झाला असं म्हणायला पुरावा अजून अपुरा आहे. परक्या मैदानावर, हिरव्या खेळपट्टीवर, तगड्या वेगवान माऱ्यासमोर त्याची दोन मोठी शतकं दिसली, की मी मत बदलेन.